बदलापूरच्या हद्दीतला बर्फ

बदलापूरच्या माणसाला पाण्यावरून बोला, रस्त्यांवरून बोला, तो तुमच्या सुरात सूर मिसळून दोन शिव्या जास्तच घालील. पण 'तुमच्याकडे कुठं एवढी थंडी असते?' असं चुकूनही म्हणू नका. थंडी हा बदलापूरकरांच्या अब्रूचा प्रश्न आहे. तिकडे मुंबईत लोक पंखा लावून झोपलेले असतात तेव्हा इकडे कानटोप्या निघतात, आणि त्या निघाल्याचं चारचौघांना कळावं म्हणून माणसं उगाच दूध आणायला दोनदा बाहेर पडतात. त्यातून माणूस नदीकाठच्या मांजर्लीचा असेल तर विचारूच नका. पावसाळ्यात नदी घरात येते म्हणून तिच्या नावाने खडे फोडणारी मांजर्लीकर मंडळी डिसेंबर लागला की तिच्याच धुक्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवतात.

हिरामण भोईर हा त्यातलाही कट्टर. रोज पहाटे उठून गॅलरीतल्या तापमापकाचा आकडा सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा आणि खाली 'काळजी घ्यावी' असं लिहायचं, हा त्याचा नेम होता. आकडा जितका खाली, तितकी त्याची छाती वर. जणू रात्रभर जागून तो त्यानेच खाली उतरवला होता.

त्याची बायको नेत्रा मात्र अंबरनाथ पूर्वेची. तिची थोरली बहीण रिद्धी गावातच दिलेली, आणि रिद्धीचा नवरा प्रमोद म्हात्रे म्हणजे हिरामणचा साडू. हा प्रमोद अंबरनाथचा तेवढाच हट्टी अभिमानी. दोघांची गाठ पडली की पोरांची शिक्षणं, जमिनींचे भाव वगैरे किरकोळ विषय बाजूला पडत आणि थंडी कुठली जास्त, यावर जुंपत असे. "तुमची थंडी आमचीच हो, हिरामणराव," प्रमोद म्हणायचा. "आमची वापरून झाली की तुमच्याकडे पाठवतो." यावर हिरामण दोन दिवस जेवताना गप्प असायचा.

तर अशा या माणसाच्या मोटरसायकलला थंडी बाधली.

गाडी जुनी होती. हल्लीच्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो, हिला होता. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवणारं गाडीचं नरडं. हिरामण अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि सकाळच्या पाळीला नदीकाठच्या रस्त्याने याच गाडीवर जायचा. डिसेंबरच्या सुरुवातीलाच थंडी मनासारखी पडली आणि गाडीने नवाच खेळ मांडला. घरून निघताना एका किकमध्ये सुरू. मांजर्ली सोडेपर्यंत ठणठणीत. मग जांभूळ फाट्याच्या आधी जुन्या चिंचेचं वळण लागतं, तिथे आली की आधी आचके, मग उसासे, मग गप्प. हिरामण उतरायचा, कपाळाला हात लावायचा, गाडीची आणि स्वतःची थोडी समजूत घालायचा. थोड्या वेळाने किक मारली की गाडी अशी सुरू व्हायची, जसं काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चिंच आणि तेच नाटक.

गॅरेजवाला भूपेश हा चांगला कारागीर. त्याने प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला, टाकीतलं पेट्रोल काढून पुन्हा भरलं. पण गाडी त्याच्याकडे जायची भर दुपारी, आणि दुपारी ती लग्नाच्या घोड्यासारखी नाचायची. शेवटी त्याने फडक्याला हात पुसत निकाल दिला, "दादा, गाडी एकदम मक्खन हाय. कुछ प्रॉब्लेमच नाय. मला वाटतं तुमी क्लच चुकीचा दाबता." वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला क्लच दाबता येत नाही असं सांगणं म्हणजे वीस वर्षं संसार केलेल्या बाईला भात लावता येत नाही असं सांगण्यापैकीच आहे. हिरामणने तो अपमान गिळला, पण पचवला नाही.

शेजारपाजार तर अशा वेळी हातचं काम टाकून धावून येतो. तळमजल्यावरच्या भगवान गायकवाडांनी गाडीला रात्री गोधडी घालायला सांगितलं. त्यांची बायको द्रौपदीबाई म्हणाल्या, गाडीला नको, ह्यांच्या डोक्याला घाला. एकाने पेट्रोलमध्ये कापूर टाकून बघा म्हटलं. कापूर का, असं विचारल्यावर 'चांगला असतो' एवढंच कारण मिळालं. आणि राजाबाई, हिरामणची सख्खी आत्या, ती तर सगळं ऐकून घेऊन डोळे बारीक करून म्हणाली, "आरं बाला, रोज तयाच चिंचेवं कशी थांबते? तिथं कोनतरी हाय. त्याला नारल दे, एक अंडा दे, मंग बग गारी कशी पलते ती." हिरामण आधुनिक विचारांचा माणूस होता, त्यामुळे त्याने नारळ-अंडं द्यायला साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे कुणी पाहत नाही असं बघून दिलं. गाडी नारळाच्या शेजारीच बंद पडली.

इतकं झाल्यावर माणूस एक तर गाडी विकतो नाही तर अभ्यासाला लागतो. हिरामण अभ्यासाला लागला. मोबाइलवर शोधता शोधता त्याला एक दाढीवाला गोरा सापडला. गुडघाभर बर्फात उभा राहून तो मोटरसायकलच्या पोटात बोट दाखवत काही तरी भराभर बोलत होता. हिरामणने तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की नेत्राला त्या माणसाचा खोकला पाठ झाला. आणि मग एका संध्याकाळी त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पेट्रोलची वाफ होताना ती आजूबाजूची ऊब ओढून घेते. इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावलं की गार लागतं ना, तसंच. आता बाहेर आधीच कडाका, हवेत नदीचं ओलं धुकं, त्यात ही वाफ. मग कार्बोरेटरच्या नरड्यात ओलावा गोठतो, बर्फ धरतो आणि गाडीचा श्वास कोंडतो. गाडी थांबली की इंजिनाच्या उबेने तोच बर्फ विरघळून जातो, आणि मेकॅनिकला काही म्हणजे काही सापडत नाही. बर्फ साठायला घरापासून चिंचेपर्यंतचा वेळ लागतो, म्हणून गाडी रोज चिंचेपाशी थांबते.

हिरामणला भरून आलं. गाडी बिघडली होती याचं दुःख केव्हाच मागे पडलं. बर्फ! खुद्द बदलापुरात! ग्रुपवर रोज टाकलेल्या आकड्यांचं चीज झालं होतं. त्याने लगेच ग्रुपवर लिहिलं : 'कळविण्यास अभिमान वाटतो की आपल्या मांजर्ली परिसरात थंडीमुळे माझ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये बर्फ जमत आहे.'

आधी कुणी तरी ग्रुपवर स्वेटर घातलेल्या अस्वलाचं चित्र टाकलं. मग दुसऱ्याने विचारलं, 'भोईरसाहेब, रविवारी पाहुणे आहेत, सरबताला दोन किलो मिळेल का?' आणि मग जी रांग लागली ती लागली. आठवडाभरात जिन्यात मुलं 'बर्फवाले काका' म्हणायला लागली. ती बातमी अंबरनाथला पोचायला तर रिद्धीचा एक फोन पुरला. प्रमोदने स्वतः फोन करून चौकशी केली की तुमच्या गल्लीत पेंग्विन आले का, आले असतील तर मुलांना घेऊन येतो.

आता प्रश्न गाडीचा राहिलाच नाही, शब्दाचा झाला. हिरामणने दुसऱ्याच दिवशी चिंचेपाशी गाडी बंद पडताक्षणी कार्बोरेटरची रबरी नळी सोडवली आणि आत डोकावून पाहिलं. होता! शुभ्र पांढरा, दाटीवाटीने बसलेला. त्याने घाईघाईने मोबाइल काढला, पण धुक्याने काच ओली झाली होती. फोटोत जे आलं त्यावर ग्रुपवर चर्चा झाली. निम्म्या लोकांना तो कापूस वाटला, उरलेल्यांना दही.

मग त्याने पुरावा घरी आणायचं ठरवलं. नेत्राकडे मासे आणायचा थर्माकोलचा डबा होता. तो त्याने गाडीला मागे बांधला. पण नुसत्या डब्यात तेवढासा तुकडा टिकणार कसा? म्हणून फ्रीजमधला बर्फ फोडून डब्यात खाली अंथरला. चिंचेपाशी गाडी थांबली. त्याने चमच्याने नरड्यातला बर्फ खरवडला, अलगद डब्यात ठेवला, झाकण लावलं, कामावर न जाता गाडी माघारी फिरवली आणि थेट सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारात उभा राहिला. सेक्रेटरी हरिचंद्र ठोंबरे हे सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी चष्मा लावून डब्यात पाहिलं. डब्यात काठोकाठ बर्फ होता आणि वर बोंबलाचा वास.

"यातला तुमचा कुठला?" त्यांनी विचारलं.

हिरामणने डब्यात बोट घालून दोन तुकडे उलटसुलट केले. एवढा साधा प्रश्न त्याला वाटेत कसा सुचला नव्हता, हे त्यालाही कळेना.

ठोंबरे मात्र न्यायी माणूस होते. ते म्हणाले, "भोईर, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण तुम्ही रीतसर अर्ज द्या. समितीपुढे ठेवतो." आणि खरंच ठेवला. बैठकीत आधी पाण्याची टाकी, मग लिफ्ट, मग चपलांचे रॅक, आणि त्यानंतर 'श्री. भोईर यांचा बर्फ' असा विषय आला. बर्फ सार्वजनिक रस्त्यावर जमत असल्याने तो सोसायटीच्या अखत्यारीत येतो का, यावर बराच वेळ खल झाला. शेवटी असं ठरलं की रविवारी सकाळी सर्व इच्छुक सभासदांनी चिंचेपाशी जमून प्रत्यक्ष पाहणी करावी. चहाचा खर्च ज्याचा बर्फ त्याने करावा.

हिरामणच्या अंगात तेव्हा वारं शिरलं होतं. तो उभा राहून म्हणाला, "चहाच काय, नाश्ताही देतो. आणि या थंडीत संक्रांतीच्या आत मी तुम्हाला बर्फ दाखवला नाही, तर गाडी विकून टाकीन आणि पुन्हा थंडीचा आकडा ग्रुपवर टाकणार नाही. भोईराचा शब्द आहे." खुर्च्यांवरची माणसं गंभीर झाली. गाडी विकण्याचं कुणाला फारसं वाटलं नाही, पण आकडा टाकणार नाही म्हणजे शपथ मोठीच होती.

रविवार उजाडला. तीन रिक्षा आणि पाच-सहा स्कूटर भरून सोसायटी चिंचेपाशी लोटली. बायकांनी ठेवणीतले स्वेटर काढले होते. राजाबाई शाल पांघरून पुढे बसली होती, कारण तिच्या मते बर्फ नाही तर निदान ते चिंचेवरचं कोण ते तरी दिसलं असतं. प्रमोद खास अंबरनाथहून आला होता आणि त्याने मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. नेत्राने पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी केली होती. सगळी तयारी जय्यत होती. फक्त थंडी आली नव्हती.

रात्रीतून आभाळ भरून आलं होतं. धुक्याचा पत्ता नव्हता, वारा कोमट होता, आणि तिकडे गॅलरीतला तापमापक असा आकडा दाखवत होता की हिरामणने त्या दिवशी तो ग्रुपवर टाकलाच नाही. तरी त्याने गाडी काढली. मनातल्या मनात गाडीला विनवत तो वळणावर आला. सगळे श्वास रोखून उभे. गाडी चिंचेसमोरून शिटी वाजवत गेल्यासारखी निघून गेली. त्याने परत आणली, पुन्हा नेली. पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला पोरांनी टाळ्या वाजवल्या. गाडी बंद पडली म्हणून माणसाची फजिती झालेली लोकांनी खूप पाहिली असेल, पण ती बंद पडत नाही म्हणून माणूस भर रस्त्यात घामाघूम झालेला पहिल्यांदाच पाहिला. प्रमोदने कपाळावरचा घाम पुसला आणि मोठ्याने म्हणाला, "वा! काय गारठा आहे हो तुमच्याकडे!" सगळे हसले. भाकऱ्या मात्र सगळ्यांनी खाल्ल्या.

घरी आल्यावर नेत्राने स्वेटर घडी करून कपाटात ठेवला आणि पलंगावर बसली. "मला गाडीचं काही नाही," ती म्हणाली. "आज थांबेल, उद्या चालेल. पण लोक तुम्हाला हसतात आणि मी तिथे भाकऱ्या वाढत उभी असते, ते मला सोसत नाही. खरं सांगा, बर्फ असतो का?"

"असतो," हिरामण म्हणाला.

"मग मला का नाही दिसला?"

बाकी साऱ्या गावाने हसावं, त्याला त्याचं एवढं काही वाटलं नसतं. पण घरातल्या माणसाने खरं का असं विचारावं, हे त्याला फार लागलं. त्या रात्री त्याने जेवणात मीठ नाही हेही सांगितलं नाही.

संक्रांत जवळ आली. ढग गेले, थंडी परत आली, गाडी पुन्हा चिंचेपाशी थांबू लागली, पण आता बघायला कोण येणार? ज्याला त्याला विचारलं तर जो तो 'एकदा आलो होतो की' म्हणायचा. दिलेला शब्द पाळायचा म्हणून हिरामणने गाडी विकायला काढली. उल्हासनगरात जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा व्यापार करणारे टेकचंद सेठ होते. ते फोनवर म्हणाले, "साईं, गाडी ले आओ, देख लेंगे. चालू हालत में है ना?" चालू हालत हा जरा नाजूक विषय होता. प्रमोदची आणि सेठची जुनी ओळख असल्यामुळे मध्यस्थीला तोच पुढे झाला. भोगीच्या आदल्या दिवशी भल्या सकाळी तो मांजर्लीत हजर झाला. "मी चालवतो," तो म्हणाला. "तुम्ही मागे बसा, हिरामणराव. गाडी चालवणाऱ्यावर असते."

धुकं असं होतं की पुढच्या चाकापलीकडे जग संपल्यासारखं वाटत होतं. प्रमोद जपून, हळूहळू चालवत होता. चिंच आली, गेली. गाडी थांबली नाही. हिरामणने मागे बसून डोळे मिटून घेतले. आता जाता जाता गाडीही आपल्यावर उलटली, असं त्याच्या मनात आलं. आणि थोडं पुढे, जिथे रस्त्याकडेला अंबरनाथमध्ये स्वागत करणारी कमान आहे, तिथे गाडीने आचका दिला. मग उसासा टाकला. मग गप्प.

प्रमोदने किक मारली. पुन्हा मारली. मग इंजिनाला शिवी दिली. "हात लावू नका!" हिरामण असा ओरडला की प्रमोद दचकून बाजूला झाला. हिरामणने गुडघे टेकून रबरी नळी सोडवली, प्रमोदची मान धरून खाली वाकवली आणि मोबाइलचा उजेड आत मारला.

आत पांढरा, टणक, चमचमणारा बर्फ होता. प्रमोदने बोट घातलं आणि झटकन काढून घेतलं. त्याने पुन्हा घातलं. मग हळूच म्हणाला, "आयला. खरंच की."

त्या दोन शब्दांसाठी हिरामणने महिनाभर काय काय सोसलं होतं! त्याला वाटलं, इथेच रस्त्यात साडूला मिठी मारावी. त्याने हात पुढे केलेही. पण प्रमोद उठून गाडीभोवती फिरत होता आणि वर कमानीकडे बघत होता.

"हिरामणराव," तो म्हणाला, "आपण अंबरनाथमध्ये आहोत."

पाहिलं तर पुढचं चाक कमानीच्या आत होतं. मागचं चाक बाहेर होतं. कार्बोरेटर बरोबर मधोमध.

"पुढचं चाक फक्त!" हिरामण म्हणाला.

"गाडी पुढच्या चाकाने ओळखतात. टोलनाक्यावर मागचं चाक विचारतो का कुणी?"

"अहो, पण बर्फ धरायला सुरुवात मांजर्लीत झाली! बाळंतपणाला बाई उल्हासनगरला नेली म्हणून पोर उल्हासनगरचं होतं का?"

"जन्मदाखला मिळतो तिथलाच," प्रमोद म्हणाला. आता त्याच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती. महिनाभर हा माणूस बर्फ नाही म्हणून हसत होता, आणि आता तो बर्फ आपलाच म्हणून हक्क सांगत होता. "हे बघा, मी सगळ्यांसमोर सांगतो. तुमच्या सोसायटीत येऊन सांगतो. रिद्धीला सांगतो, नेत्राला सांगतो, की मी माझ्या डोळ्यांनी बर्फ पाहिला, हिरामण भोईर खरं बोलत होता. तुमची गाडी वाचते, शब्द वाचतो. फक्त एक, बर्फ अंबरनाथला जमला असं म्हणायचं."

धुक्यात दोघं समोरासमोर उभे होते. सौदा वाईट नव्हता. कुणीही शहाण्या माणसाने हो म्हटलं असतं. जिन्यातली पोरं गप्प झाली असती, ठोंबऱ्यांनी वहीत नोंद केली असती, नेत्राने मान वर करून चार बायकांत भाकऱ्या वाढल्या असत्या. हिरामणने कमानीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग नदीच्या बाजूला पाहिलं. तिकडून धुक्याचे लोट अजून येत होते, आणि ते धुकं मांजर्लीचं होतं.

"नाही," तो म्हणाला. "बर्फ बदलापूरचा आहे."

"मग मी काही पाहिलं नाही," प्रमोद म्हणाला आणि हात झटकून रिक्षा बघायला लागला.

हिरामण गाडी घेऊन घरी आला. टेकचंद सेठना उद्या येतो म्हणून कळवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने नेत्राला सगळं सांगितलं, गाडी हळू चालवली की नरड्यातून हवा कमी जाते आणि बर्फ उशिरा धरतो ते, कमान, चाकं, प्रमोदचा सौदा, आपला नकार. सांगताना त्याचा आवाज चढला नाही. "उद्या गाडी देऊन टाकतो," तो म्हणाला. "पण बर्फ नाही दिला. तेवढं एक नाही जमलं मला."

नेत्रा वालाच्या शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला. खोटं बोलणारा माणूस मिळालेला साक्षीदार कशाला सोडील, हे तिला तेव्हाच कळलं असणार, पण ती बोलली नाही. माहेर शेवटी माहेर असतं.

दुसऱ्या दिवशी भोगी. हिरामण पहाटे गाडी पुसत होता, शेवटची म्हणून जरा जास्तच पुसत होता, तेवढ्यात नेत्रा जिना उतरून आली. अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ, केस अजून ओले. भोगीची भाजी चुलीवर चढवायची सोडून ती गाडीवर मागे बसली. "चला," ती म्हणाली. "हळू नका चालवू. रोज चालवता तशीच चालवा."

मांजर्ली मागे पडली. धुकं दाटलं. वळण आलं, चिंच आली, आणि चिंचेखाली गाडीने आचका दिला, उसासा टाकला आणि गप्प झाली. बंद पडलेल्या गाडीवर इतकं प्रेम हिरामणने आयुष्यात केलं नव्हतं. त्याने नळी सोडवली. नेत्रा साडी सावरून रस्त्यावर उकिडवी बसली, बांगड्या मागे सारल्या आणि करंगळी आत घातली. बाहेर काढली तेव्हा तिच्या बोटाच्या टोकावर हरभऱ्याएवढा बर्फ होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो विरघळला, पाणी तिच्या मनगटावर ओघळलं, तरी ती बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हा तर बर्फ आहे!"

"मी काय म्हणत होतो?"

"तुम्ही म्हणत होता हो. पण हा खरोखरचा बर्फ आहे!" आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हिरामणची छाती अशी फुगली की स्वेटरचं वरचं बटण सुटलं. साक्षीदार घरचा असला तरी समितीत तिचं मत धरतात, आणि नेत्रा भोईर खोटं बोलते असं म्हणायची ठोंबऱ्यांची काय, प्रमोदची छाती नव्हती. गाडी वाचली होती. शब्दही राहिला होता.

हिरामणने मोठ्या समाधानाने सीटखालून काही तरी काढलं. तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा होता, नीट वाकवलेला, कडा घासलेल्या, दोन भोकं पाडलेली. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पत्रा इंजिनाला लावून बघितला.

"हे काय?" नेत्राने विचारलं.

"ह्याने इंजिनाची ऊब कार्बोरेटरकडे वळते. गार वारा अडतो. हा बसवला की बर्फ धरत नाही."

"कधी केलात?"

"व्हिडिओ पाहिला त्याच आठवड्यात. त्याने सांगितलं होतं ना शेवटी."

नेत्राचं हसू थांबलं. "म्हणजे महिनाभर हा पत्रा सीटखाली होता? महिनाभर कामावर उशीर, त्या चिंचेखाली थंडीत कुडकुडणं, गाडी विकायला निघालात, आणि उपाय सीटखाली? बसवला का नाही मग?"

हिरामणने मान खाली घातली. "बसवला असता," तो म्हणाला, "तर तुला दाखवलं काय असतं?"

नेत्रा त्याच्याकडे पाहत राहिली. आता आपली खैर नाही असं समजून त्याने घाईघाईने पहिला स्क्रू लावायला घेतला. तिने त्याच्या हातातून पत्रा काढून घेतला आणि स्वेटरच्या आत पोटाशी धरला. दुसऱ्या हाताने तिने फोन काढून बहिणीला लावला.

"ताई," ती म्हणाली, "भाजी नंतर कर. भाऊजींना उठव आणि दोघंही आत्ताच्या आत्ता मांजर्लीला निघा. उद्या सकाळी गाडीवर ह्यांच्यामागे तू बसायचं. नाही, कमानीपर्यंत यायची गरजच नाही. गाडी बदलापुरातच बंद पडते आमची!"

मग फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "पत्रा परवा बसवा."